शेळ्यांच्या कळपातील घटलेल्या लसीका पेशी आणि किरणोत्सर्गाची शंका : एक प्रकरण अभ्यास

धाराशिव जिल्ह्यात बालाघाटाच्या पठारावरील एका गावात डिसेंबर महिन्यात एकाच गोठ्यातील उस्मानाबादी शेळ्या एकापाठोपाठ आजारी पडू लागल्या आणि तीन आठवड्यांत ३२ पैकी ११ जनावरे दगावली. मेलेल्यांत करडांचा भरणा अधिक होता. तालुक्याच्या दवाखान्यातील पशुधन विकास अधिकाऱ्यांनी तीन आजारी शेळ्यांचे रक्त तपासून घेतले, तेव्हा तिन्हींत पांढऱ्या पेशी निरोगी शेळीच्या किमान मर्यादेच्या, म्हणजे घन मिलिमीटरला सुमारे ४,००० च्या, खाली उतरलेल्या होत्या आणि ही घट बहुतांशी लिम्फोसाइटची, म्हणजे लसीका पेशींची होती.

एवढ्यावरून कोणाही पशुवैद्यकाच्या मनात आधी विषाणूजन्य आजार आला असता. परंतु गोठ्याची मागची भिंत एका भंगारवाल्याच्या आवाराला लागून होती, आणि दिवाळीनंतर तेथे उतरलेल्या मालात एक जड, पिवळ्या रंगाची धातूची पेटी होती, जिच्यावर तीन पाकळ्यांचे किरणोत्सर्गाचे चिन्ह होते. गावातील एका शिकलेल्या तरुणाने रक्ताचा अहवाल आणि ते चिन्ह यांची सांगड घातली. त्याचा तर्क पोरकट नव्हता. संपूर्ण शरीरावर गॅमा किरण पडले तर रक्तात सर्वांत आधी लिम्फोसाइट घटतात, ही वैद्यकातील जुनी आणि पक्की गोष्ट आहे. आणि भंगारातून किरणोत्सर्गी स्रोत बाहेर पडून माणूस दगावल्याचे उदाहरण आपल्या देशात २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भागात घडलेले आहे. दोन दिवसांत बातमी पंचक्रोशीत पसरली, आणि अधिकाऱ्यांनी विकृतिशास्त्राचे काम करणारा म्हणून मला बोलावून घेतले.

शवविच्छेदनाला हात घालण्यापूर्वी आम्ही आवार मोकळे करून घेतले, उरलेल्या शेळ्या गावाच्या दुसऱ्या टोकाला हलवल्या आणि शहरातील एका कर्करोग रुग्णालयाच्या किरणोपचार विभागातील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांना विनंती केली. त्यांनी सर्व्हे मीटर घेऊन रस्त्यापासून सुरुवात केली आणि पावलापावलाने पेटीपर्यंत गेले. मीटरवरील आकडा ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपासच राहिला, म्हणजे मराठवाड्याच्या काळ्या बेसॉल्ट खडकावर कोठेही आढळावा तेवढाच. पेटी रिकामी होती. साखर कारखान्यांच्या बॉयलरचे वेल्डिंग तपासण्यासाठी जी गॅमा यंत्रे फिरवली जातात, त्यांतील एखाद्या यंत्राच्या वाहतुकीची ती पेटी असावी, असे त्यांचे मत पडले.

येथे पुष्कळांना प्रकरण मिटल्यासारखे वाटले. माझ्या मते ते तेव्हा मिटलेले नव्हते, कारण मीटर फक्त त्या दिवसाचे सांगतो. पेटीत आधी स्रोत असेल, तो काही दिवस भिंतीपलीकडे पडून असेल आणि नंतर कोणी उचलून नेला असेल, तर मीटरला त्याचा मागमूस लागणार नाही. बाहेरून पडलेले गॅमा किरण भिंतीत, चाऱ्यात किंवा जनावरात मागे राहत नाहीत. तसे खरोखर झाले असते, तर हरवलेला स्रोत जिल्ह्यात कोठेतरी उघडा पडलेला आहे, असा त्याचा अर्थ झाला असता. म्हणून हा प्रश्न जनावरांच्या शरीरालाच विचारणे भाग होते, आणि त्यातही लसीका संस्थेला (लसीका नावाचा द्रव वाहून नेणाऱ्या वाहिन्या, त्यांच्या वाटेवरील ग्रंथी, प्लीहा वगैरेंना), कारण किरणोत्सर्गाची नोंद शरीरात सर्वांत लवकर आणि सर्वांत स्पष्टपणे तेथेच होते.

ही गोष्ट क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतर काही वर्षांतच ध्यानात आली होती. १९०३ मध्ये जर्मनीतील हाइनेके यांनी उंदीर आणि गिनीपिग यांच्यावर क्ष-किरण सोडून पाहिले, तेव्हा प्राणी मेलेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्लीहा आणि लसीका ग्रंथींतील पेशी काही तासांतच मोडून पडलेल्या दिसल्या. १९०६ मध्ये फ्रान्समधील बेर्गोनिए आणि त्रिबोंदो यांनी असा नियम मांडला की, ज्या पेशी वेगाने विभागतात आणि ज्यांची घडण अजून पूर्ण झालेली नाही, त्या किरणांना अधिक बळी पडतात. लहान लिम्फोसाइट या नियमात बसत नाही. ती पूर्ण घडलेली असते, महिनोन्‌महिने विभागतही नाही, आणि तरीही शरीरातील सर्वांत नाजूक पेशींत तिची गणना होते. इतर बहुतेक पेशी किरणांचा घाव घेऊन जगत राहतात आणि पुढे विभागण्याच्या वेळी कोलमडतात. लिम्फोसाइट विभागणीची वाट पाहत नाही. तिच्या केंद्रकातील डीएनए तुटला की पी-५३ नावाचे प्रथिन जागे होते आणि पेशी स्वतःच स्वतःचे विघटन सुरू करते. त्यामुळे अर्ध्या ग्रेहूनही (ग्रे म्हणजे शरीराने शोषलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक) कमी मात्रेत रक्तातील घट मोजता येते. शेळी, मेंढी, कुत्रा, डुक्कर यांच्यापैकी निम्मी जनावरे उपचाराविना दगावतील अशी मात्रा साधारण २ ते ३ ग्रे असते, आणि उंदरांत ती ६ ते ९ ग्रेपर्यंत जाते, हे लक्षात घेतले म्हणजे अर्धा ग्रे किती थोडा, ते कळते.

प्राणघातक मात्रा एकदम मिळाली तर प्राण्याच्या शरीरात काय घडते, याचा क्रम प्रयोगांतून चांगला माहीत झालेला आहे. तीन-चार तासांत लसीका ग्रंथींच्या गोलकांत, म्हणजे लिम्फोसाइटच्या गोल पुंजक्यांत, फुटलेल्या केंद्रकांचे गडद ठिपके दिसू लागतात. सहा ते आठ तासांत त्यांचा खच पडतो. भक्षक पेशी हा कचरा गिळून टाकतात आणि एक दिवस उलटला की ग्रंथी स्वच्छ, पण रिकामी दिसते: तिचा सांगाडा, जाळीदार ऊती, भक्षक पेशी हे सारे जागच्या जागी असते, फक्त राहणारे निघून गेलेले असतात. थायमस या लिम्फोसाइट घडवणाऱ्या ग्रंथीचा बाहेरचा भाग दोन-तीन दिवसांत आक्रसतो. प्लीहेतील पांढरे ठिपके, जे निरोगी शेळीत कापलेल्या पृष्ठभागावर डोळ्यांना दिसतात, ते नाहीसे होतात. रक्तातील लिम्फोसाइट एक ते तीन दिवसांत तळाला जातात. न्यूट्रोफिल, म्हणजे जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मात्र पहिल्या दिवशी उलट वाढतात आणि नंतर काही दिवसांनी उतरतात. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट त्यांच्याही मागून, मोठ्या प्राण्यांत दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास घसरतात. याचे कारण असे की, रक्तात आधीपासून फिरत असलेल्या या पेशी किरणांनी मरत नाहीत. अस्थिमज्जेतून येणारी नवी भर थांबते आणि जुन्या आपापले आयुष्य संपवून जातात. लिम्फोसाइटचे तसे नाही, त्या जेथे असतील तेथेच मरतात.

लसीका वाहिन्यांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण या प्रकरणात त्याचा उपयोग झाला. वाहिन्यांची भिंत स्वतः पुष्कळ चिवट असते आणि लसीका वाहत राहते. ऑक्सफर्डमधील जेम्स गोवन्स यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले की, लिम्फोसाइट रक्तातून लसीका ग्रंथींत, तेथून छातीतील मोठ्या लसीका वाहिनीत आणि पुन्हा रक्तात अशा सतत फिरत असतात. किरणोत्सर्गानंतर वाहिनीतील प्रवाह चालू राहतो, पण त्यातील पेशी नाहीशा होतात. पुढे प्लेटलेट संपल्या की केशवाहिन्यांतून लाल पेशी झिरपू लागतात, लसीकेला रक्ताचा रंग येतो आणि लसीका ग्रंथी त्या लाल पेशी अडवून ठेवतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मेलेल्या प्राण्याच्या लसीका ग्रंथी लहान, गडद लाल आणि रक्ताने भिजलेल्या आढळतात. कुत्र्यांना बाहेरून प्लेटलेट दिल्या असता लसीकेत लाल पेशी येणे थांबते, यावरून कारण सिद्ध झाले.

आम्हाला शवविच्छेदनासाठी दोन ताजी शवे मिळाली, एक चार महिन्यांचे करडू आणि एक वेत झालेली शेळी. करडाचे ओठ उलटून पाहिले तेव्हा हिरड्यांवर आणि ओठांच्या आतल्या बाजूस कोंडा भिजवून थापावा तसा पांढुरका थर होता, बोटाने पुसला की खाली लालभडक जखम दिसत होती, आणि तोंडाला विलक्षण दुर्गंधी होती. नाकपुड्या वाळलेल्या शेंबडाने बुजल्या होत्या. फुप्फुसांचे पुढचे खंड गडद आणि यकृतासारखे घट्ट झाले होते. मोठ्या आतड्याच्या आतल्या घड्यांवर लाल पट्टे होते, आणि लहान आतड्यातील लसीका ऊतीचे चट्टे सडून काळवंडले होते. आतड्यांच्या पडद्यातील लसीका ग्रंथी मोठ्या, ओल्या आणि फुगलेल्या होत्या. कापताच पाणी सुटत होते. प्लीहा किंचित सुजलेली होती. मांडीचे हाड फोडले तेव्हा मज्जा लालसर आणि भरलेली निघाली.

शेळीच्या शवात पाठीच्या कण्याखाली, महारोहिणीच्या बाजूने, मसुराएवढे काही गडद लाल दाणे दिसले. सोबतच्या तरुण सहकाऱ्याने ते चटकन दाखवले, कारण रक्ताने भिजलेल्या लसीका ग्रंथी कशा असतात हे मी त्यांना थोड्या वेळापूर्वीच सांगितले होते. ते दाणे मात्र रवंथ करणाऱ्या जनावरांत निरोगी अवस्थेतही असणारे रक्त-लसीका दाणे होते. त्यांचा रंग मुळातच लाल असतो. शेळी-मेंढीत किरणोत्सर्गाची खूण शोधणाऱ्याने ते आधी ओळखायला शिकले पाहिजे, आणि खरी परीक्षा जांघेतील, खांद्यापुढील आणि आतड्यांच्या पडद्यातील ग्रंथींवरच करावी. या तिन्ही ठिकाणी रक्तस्रावाचा मागमूस नव्हता. हृदयावर, मूत्राशयावर किंवा त्वचेखाली रक्ताचे ठिपकेही नव्हते.

सूक्ष्मदर्शकाखाली निर्णय तितका सोपा नव्हता. लसीका ग्रंथींचे काप कमी भिंगाखाली पाहिले तर गोलक ओस पडलेले दिसत होते, आणि एवढ्याच कापावर कोणी मत मागितले असते तर किरणोत्सर्ग नाही असे छातीठोकपणे सांगणे मला जड गेले असते. मोठ्या भिंगाखाली मात्र चित्र पालटले. अनेक पेशी एकमेकींत मिसळून झालेल्या, पुष्कळ केंद्रके असलेल्या राक्षसी पेशी आणि त्यांतील गुलाबी समावेश-कण, म्हणजे विषाणूच्या वाढीची खूण, स्पष्ट होते. किरणांनी असे कधीच होत नाही. शिवाय हानी सर्वत्र सारखी नव्हती: घशामागील आणि आतड्यांजवळील ग्रंथी फार पोळल्या होत्या, तर जांघेतील ग्रंथीत गोलक बऱ्यापैकी शाबूत होते. गॅमा किरणांचा मारा गारपिटीसारखा असतो, तो शिवारातले एक शेत सोडून दुसरे झोडपत नाही; शेळीएवढ्या शरीरात एका लसीका ग्रंथीला मारून दुसरीला वगळणे त्याच्याने होत नाही.

रक्ताच्या अहवालाकडेही आम्ही नव्याने पाहिले. तिघींपैकी एका शेळीला रक्त काढण्याच्या आदल्या दिवशी गावातील एका खाजगी उपचारकाने सुई टोचली होती. रिकामी बाटली गोठ्याच्या कोनाड्यात सापडली, ती डेक्सामेथासोनची होती. स्टेरॉइडमुळेही लिम्फोसाइट काही तासांत घटतात, म्हणून तो नमुना आम्ही विचारातून वगळला. उरलेल्या दोन्हींत न्यूट्रोफिल भरपूर होते, एकीत तर न्यूमोनियामुळे वाढलेले होते, आणि प्लेटलेट पुरेशा होत्या. या दोन्ही शेळ्या दिवाळीनंतर लगेच, म्हणजे पेटी आली तेव्हापासून किरणांखाली असत्या, तर तीन-चार आठवड्यांनी त्यांची मज्जा ओस पडलेली आणि तिन्ही प्रकारच्या पेशी एकदम घटलेल्या असायला हव्या होत्या. केवळ लिम्फोसाइट कमी आणि बाकी सारे ठीक, ही अवस्था किरणोत्सर्गात पहिल्या काही दिवसांपुरतीच असते. शेळीच्या रक्तात मुळातच लिम्फोसाइट निम्म्याहून अधिक असतात, त्यामुळे त्या थोड्या घटल्या तरी पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा घाबरवण्याइतका उतरतो. अहवाल वाचताना एकूण आकड्यावर थांबणे म्हणूनच घातक ठरते.

गोठ्यातील जागेचा हिशेबही तपासला. स्रोतापासून अंतर दुप्पट झाले की किरणांची तीव्रता चौथाईवर येते. तेव्हा भंगाराच्या भिंतीला लागून बांधलेल्या शेळ्या आधी आणि अधिक पडायला हव्या होत्या. प्रत्यक्षात आजाराची सुरुवात पुढच्या दाराजवळच्या दोन शेळ्यांपासून झाली होती, आणि त्या पहिल्या लक्षणांच्या काही दिवस आधी आठवडी बाजारातून विकत आणलेल्या होत्या. तेथून आजार दावणीने मागे सरकत गेला. भिंतीजवळच्या काही शेळ्या शेवटपर्यंत धडधाकट राहिल्या. माणसांना आणि कुत्र्यांना किरणोत्सर्गानंतर काही तासांत उलट्या होतात, पण रवंथ करणाऱ्या शेळीत हे पूर्वचिन्ह मिळत नाही. म्हणून गोठ्यातच राखणीला झोपणारा कुत्रा आणि शेजारच्या खोलीत झोपणारे कुटुंब यांची आम्ही मुद्दाम चौकशी केली. सगळे ठणठणीत होते.

नाकातील स्राव, प्लीहा आणि लसीका ग्रंथींचे तुकडे बर्फात घालून पुण्यात औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे पाठवले, आणि तेथून पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी, असा निष्कर्ष आला. हा विषाणू गोवराच्या विषाणूच्या कुळातला आहे. भारतात तो १९८७ मध्ये तमिळनाडूत प्रथम आढळला. तो लिम्फोसाइटच्याच पृष्ठभागावरील एका ग्राहक-रेणूला (रिसेप्टरला) धरून पेशीत शिरतो आणि लसीका ऊतीत वाढतो, म्हणूनच रक्ताचा अहवाल किरणोत्सर्गाच्या अहवालासारखा दिसला. कळपाला लस दिलेली नव्हती.

निष्कर्ष येण्यापूर्वी पशुधन विकास अधिकाऱ्यांनी एक महत्त्वाचा प्रश्न विचारला होता: किरणोत्सर्ग झालेला असेल, तर उरलेल्या जनावरांना लस टोचून उपयोग होईल काय? याचे उत्तर शिकागोतील विल्यम आणि लूसी टॅलियाफेरो यांनी सशांवर केलेल्या कामात मिळते. प्रतिजन, म्हणजे लशीतल्यासारखा परका पदार्थ, किरणांच्या नंतर शरीरात गेला तर प्रतिपिंडे फारच थोडी आणि उशिरा तयार होतात. पण तो काही दिवस आधी गेलेला असेल, तर प्रतिपिंडांचे काम चालू राहते, कारण प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी, लिम्फोसाइटच्याच वंशातील असूनही, किरणांना पुष्कळ दाद देत नाहीत. म्हणजे शंका खरी असती तर जिवंत विषाणूची लस त्या आठवड्यात टोचणे निरर्थक, कदाचित धोक्याचेही ठरले असते. शंका फिटल्यामुळे आसपासच्या निरोगी कळपांना, तीन-चार महिन्यांपुढील करडांसह, लगेच लस देता आली.

शेळ्यांच्या मालकीणबाईंची काळजी वेगळी होती. "डॉक्टरसाहेब, लोक दूध घेईनागेलेत, आता ह्या शेरडाचं काय करू?" असे त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारले होते. निष्कर्ष आल्यावर त्यांना मी सांगितले, "मावशी, बाहेरून किरण पडले तरी जनावर किंवा त्याचं दूध किरणोत्सर्गी होत नाही, आणि इथं तर किरण पडलेलेच नाहीत. हा आजार माणसाला लागत नाही. आजारी शेळीचं दूध तेवढं काढून टाका, बरीचं विका." ग्रामपंचायतीत हेच पुन्हा सर्वांसमोर सांगितले, आणि भौतिकशास्त्रज्ञांनी मीटर हातात देऊन लोकांना पेटीजवळ आकडा वाचायला लावला. किरणोत्सर्गी पदार्थ चाऱ्यावर किंवा पाण्यात पडून जनावराच्या पोटात गेला असेल, तर मात्र दुधाविषयीचे हे आश्वासन देता येत नाही. तो वेगळा प्रसंग आहे आणि तेथे दूध तपासावेच लागते.

अशी शंका पुन्हा कोठे आली, तर एकट्या आजारी जनावराचे रक्त घेऊन भागणार नाही. कळपातील सर्व जनावरांचे, निरोगी दिसणाऱ्यांसह, रक्त एकाच दिवशी घ्यावे, दोन-तीन दिवस बारा-बारा तासांनी पुन्हा घ्यावे, प्रत्येक वेळी लिम्फोसाइट, न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट वेगवेगळे मोजावेत, आणि आधी कोणती सुई टोचली होती ते लिहून ठेवावे. एकत्र किरणांखाली आलेल्या कळपात आकडे एकाच वेळी उतरतात आणि अंतरानुसार कमीजास्त होतात. संसर्गात एक जनावर तळाला असताना दुसरे अजून निरोगी असते आणि तिसरे सावरू लागलेले असते.

बचावलेल्या शेळ्यांचे रक्त साधारण महिन्याने पुन्हा तपासले, तेव्हा लिम्फोसाइट नेहमीच्या पातळीवर परत आल्या होत्या. २ ते ३ ग्रे मात्रेतून वाचलेल्या शेळीत एवढ्या लवकर ही भरपाई झाली नसती. १९४९ मध्ये लिऑन जेकबसन यांनी उंदराची प्लीहा शिशाने झाकून बाकी शरीरावर किरण सोडले आणि १९५१ मध्ये एगॉन लोरेन्झ यांनी किरणांनंतर निरोगी मज्जा टोचली, त्यातून पुढे काही वर्षांनी कळले की लसीका ऊती पुन्हा भरून येणे हे शरीरात कोठेतरी शाबूत राहिलेल्या मूळ पेशींवर अवलंबून असते. सर्वांग भाजून निघालेल्या प्राण्यात हे बळ तोकडे पडते आणि विशेषतः टी प्रकारच्या लिम्फोसाइट कित्येक महिने कमीच राहतात. पिवळी पेटी क्रमांकासह अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवून ताब्यात देण्यात आली, आणि तिच्यातील स्रोत ती भंगारात जाण्याच्या पुष्कळ आधी रीतसर परत गेलेला असल्याचे त्यांच्या नोंदींवरून निश्चित झाले.